राउटरची धोका पातळी ठरवणार कोण?

नवी दिल्ली : कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेसाठी दोन रेषा आखलेल्या आहेत. 39 फुटांवर इशारा पातळी आणि 43 फुटांवर धोका पातळी. त्यांचा अर्थ काठच्या गावांना नेमका ठाऊक असतो. दूरध्वनी आणि इंटरनेट सेवा ज्या राउटरवर चालते, त्यांनाही अशाच मर्यादा घालून दिलेल्या असतात; मात्र त्या कोणी व कशाच्या आधारे घातल्या, हा प्रश्न बहुधा सेवा कोलमडल्यानंतरच विचारला जातो.

ऑस्ट्रेलियातील ऑप्टस या मोठ्या दूरसंचार कंपनीच्या ग्राहकांनी याची किंमत दोनदा मोजली. 8 नोव्हेंबर 2023 रोजी पहाटे मालक कंपनीच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यावरील एका नेहमीच्या सॉफ्टवेअर अद्ययावतीकरणानंतर मार्गांविषयीच्या माहितीचा लोंढा ऑप्टसच्या जाळ्यात शिरला. सुमारे 90 राउटरवरील पूर्वनिश्चित मर्यादा ओलांडली गेली आणि त्यांनी स्वतःला मुख्य जाळ्यापासून तोडून घेतले. ही मर्यादा उपकरण उत्पादकाने मूळ स्वरूपात दिलेली होती. राउटरने स्वतःचा बचाव केला, ग्राहक मात्र वाऱ्यावर पडले. एक कोटीहून अधिक ग्राहकांची सेवा कित्येक तास ठप्प झाली आणि 2,145 जणांचे 000 या आपत्कालीन क्रमांकावरील कॉल लागू शकले नाहीत. कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना त्याच महिन्यात पद सोडावे लागले.

18 सप्टेंबर 2025 रोजी याच कंपनीत नेमके उलटे घडले. फायरवॉल अद्ययावत करताना शेकडो आपत्कालीन कॉल सुमारे 13 तास अडकले आणि काही मृत्यूंशी या बिघाडाचा संबंध जोडला गेला. सर्वसाधारण कॉल मात्र सुरळीत लागत होते. त्यामुळे एकूण वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेला घसरण दिसलीच नाही आणि धोक्याची घंटा वाजली नाही. पहिल्या वेळी मर्यादा ओलांडताच यंत्राने टोकाची कृती केली. दुसऱ्या वेळी मर्यादा ज्या आकड्यावर बसवली होती, तो आकडाच चुकीचा होता.

मर्यादा ठरवणे हे वरवर वाटते तितके यांत्रिक काम नाही. प्रकाशतंतूतून संदेश जायला दर किलोमीटरला साधारण 5 मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे मुंबई ते दिल्ली असा 1,400 किलोमीटरचा तंतुमार्ग धरला, तर जाऊन-येऊन 14 मिलिसेकंद निव्वळ अंतरामुळेच जातात. मुंबई ते पुणे हा मार्ग 150 किलोमीटरचा धरल्यास हाच काळ दीड मिलिसेकंद भरतो. आता सर्व मार्गांवर 50 मिलिसेकंदांची सरसकट मर्यादा ठेवली, तर मुंबई-पुणे विलंब दहापट वाढून 15 मिलिसेकंद झाला, वाहतूक कुठल्या तरी दूरच्या वळणाने जाऊ लागली, तरी नियंत्रण कक्षातील पडदा हिरवाच राहील. प्रत्येक मार्गाचे नेहमीचे वर्तन आधी काही आठवडे मोजावे लागते आणि मर्यादा त्यावर बसवावी लागते. कष्टाचे काम आहे, म्हणून ते टाळले जाते आणि यंत्राबरोबर आलेले आकडे वर्षानुवर्षे तसेच राहतात.

किती वेळा चुकल्यावर बिघाड मानायचा, हाही प्रश्न उरतोच. शेजारचे राउटर एकमेकांना सतत 'मी जिवंत आहे' असे संदेश पाठवतात. दर 300 मिलिसेकंदांनी एक संदेश आणि सलग तीन हुकले की मार्ग बंद, असे ठरवल्यास 0.9 सेकंदात निर्णय होतो. तीनऐवजी एकच संदेश पुरेसा मानला, तर किरकोळ अडथळ्यानेही मार्ग बंद-चालू होत राहतो आणि हे सततचे हेलकावेच जाळ्याला अस्थिर करतात. खोट्या इशाऱ्यांना सरावलेला कर्मचारी खऱ्या इशाऱ्याकडेही मग सवयीने दुर्लक्ष करतो.

भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, सेवा-गुणवत्तेविषयीचे नवे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले. विलंब, पॅकेट गळती आणि विलंबातील चढउतार यांसारखी मोजमापे त्यांत आहेत. मोबाइल सेवेची कामगिरी 1 एप्रिल 2025 पासून तिमाहीऐवजी दरमहा तपासली जाते. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. चार तासांचा खंड तिमाहीच्या 2,160 तासांत मोजला, तर उपलब्धता 99.81 टक्के दिसते. 30 दिवसांच्या 720 तासांत तीच 99.44 टक्क्यांवर येते. काळाची चौकट लहान केली की अपयश ठळक होते.

एखाद्या जिल्ह्यात सेवा चार तासांहून अधिक बंद राहिल्यास कंपनीने 24 तासांत ट्रायला कळवायचे, आणि खंड 24 तासांहून लांबल्यास ग्राहकाला भाड्यात सवलत किंवा वैधतेत वाढ द्यायची, अशीही तरतूद आहे. 112 वर मदत मागणाऱ्याच्या दृष्टीने चार तास फार लांबचे आहेत. भरपाईचा हिशेब ठेवायला ही रेषा पुरेशी असेल. बिघाड वेळीच ओळखणारी रेषा मात्र कंपनीच्या राउटरमध्येच असते आणि नियामक ती पाहत नाही. ट्रायला कळवण्याच्या अहवालातच कोणती मर्यादा ओलांडली गेली, ती उत्पादकाची मूळ होती की कंपनीने तपासून बसवलेली, आणि त्या काळात 112 चे किती कॉल लागले नाहीत, या तीन नोंदी मागितल्या, तर नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.