गॅबावरचा पालघरकर

सिल्वाशाहून मुंबईला जायचं तर दादरा ओलांडून वापीला गाडी धरायची, आणि पालघर आलं की मी हटकून खिडकीपाशी सरकतो. याच स्टेशनातून एक शाळकरी पोरगा किटचं ओझं खांद्यावर घेऊन मुंबईला खेळायला जायचा: शार्दुल ठाकूर. शेजारच्या जिल्ह्याचा, म्हणून आम्हाला तो घरचाच. २०१८ साली हैदराबादला कसोटी पदार्पण झालं, पण दहा चेंडू टाकून होताहेत तोच जांघेचा स्नायू दुखावला. पुढच्या कसोटीसाठी सव्वादोन वर्षं थांबावं लागलं. मग आला जानेवारी २०२१, ब्रिस्बेनचं गॅबा. भारत ६ बाद १८६. कमिन्सचा आखूड चेंडू आला, शार्दुलनं तो हुक केला आणि खातं थेट षटकारानं उघडलं! अर्धशतकही लायनला षटकार ठोकूनच. वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी, स्वतःच्या ६७, शिवाय सामन्यात सात बळी. लोक त्याला ‘लॉर्ड’ म्हणू लागले ते आधी गमतीनं. पण त्याच वर्षी ओव्हलवर दोन्ही डावांत अर्धशतकं आली, पुढच्या जानेवारीत जोहान्सबर्गला ६१ धावांत ७ बळी, आणि त्या हाकेतली गंमत जाऊन निखळ माया उरली. संघ निवडताना त्याचं नाव अजूनही शेवटी निघतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्या गल्लीत टेनिस बॉलनं खेळणारी पोरं मात्र भागी फुटेना की बोलिंगला येणाऱ्याला ओरडून सांगतात, “शार्दुल टाक रे!”