एएम म्हणजे मागासलेले नव्हे!

रेडिओ 'एएम'वर लावला की खरखर येते आणि 'एफएम'वर लावला की गाणे स्वच्छ वाजते. एवढ्यावरून आपण निकाल देऊन टाकतो, की एफएम चांगले आणि एएम जुनाट. मला हा निकाल घाईचा वाटतो.

मुळात मॉड्युलेशन हवे कशाला? समजा, १००० हर्ट्झ वारंवारतेचा स्वर तसाच रेडिओलहरीच्या रूपात पाठवायचा आहे. रेडिओलहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. म्हणजे या लहरीची लांबी ३०० किलोमीटर झाली. एरियल साधारण तिच्या चतुर्थांश, म्हणजे ७५ किलोमीटर उंच लागेल! शिवाय सर्व केंद्रांचे आवाज एकमेकांत मिसळतील ते वेगळेच. म्हणून १००० किलोहर्ट्झसारखी जलद 'वाहक लहर' घेतात. तिला ७५ मीटरचा मनोरा पुरतो. आवाजाप्रमाणे या लहरीत बदल घडवणे, हेच मॉड्युलेशन.

हा बदल दोन प्रकारे करता येतो. लहरीची उंची, म्हणजे आयाम, कमीजास्त केला की एएम. आयाम तोच ठेवून वारंवारता कमीजास्त केली की एफएम. आकाशात वीज कडाडली किंवा जवळ मोटर सुरू झाली, की त्याचा परिणाम मुख्यतः आयामावर होतो. एएमचा संदेश आयामातच असल्याने खरखर ऐकू येते. एफएमचा ग्राहक रेडिओ मात्र आयामातले चढउतार छाटून टाकतो.

पण ही स्वच्छता फुकट मिळत नाही. १९२२ साली जॉन कार्सन या अभियंत्याने गणिताने दाखवले, की अरुंद पट्ट्यात एफएमचा काहीच फायदा नाही. एडविन आर्मस्ट्राँगने पट्टाच रुंद केला आणि १९३३ मध्ये एफएमची पेटंटे मिळवली. आपल्याकडे मध्यम लहरींवर शेजारच्या दोन वाहक लहरींत ९ किलोहर्ट्झचे अंतर असते; एफएमच्या एका केंद्राला सुमारे २०० किलोहर्ट्झ लागतात. त्यातही एफएमच्या लहरी साधारण दृष्टीच्या टप्प्यापर्यंतच पोहोचतात. मध्यम लहरी मात्र रात्री वातावरणाच्या आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर जातात.

आता एक गंमत पाहा. अत्याधुनिक जेट विमानाचा वैमानिक विमानतळाशी आजही एएमवरच बोलतो! दोन वैमानिक एकाच वेळी बोलले, तर एफएममध्ये प्रबळ लहर दुबळीला पुरती झाकून टाकते. दुसरा कोणी बोलत होता, याचा पत्ताही लागत नाही. एएममध्ये दोन्ही आवाज मिसळतात, शिट्टीसारखा स्वर येतो आणि नियंत्रक सावध होतो. इथे खरखरीपेक्षा न ऐकलेली हाक अधिक धोक्याची आहे.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे. 'एएम व एफएम यांतील फरक लिहा' हा प्रश्न विद्यार्थी पाठ करून सोडवतात आणि विसरतात. त्याऐवजी विचारा, 'दूरच्या खेड्यासाठी, गाण्यांच्या केंद्रासाठी आणि विमानासाठी तुम्ही कोणती पद्धत निवडाल, आणि का?' आणि मित्रांनो, कोणतेही तंत्र जुने आहे असे ऐकलेत, तर आधी एवढेच विचारा: कोणत्या कामासाठी?