छोटी डिझेल कॅराव्हॅन घ्यावी का? आधी सोमवार ते गुरुवारचा हिशोब करा

कॅराव्हॅनच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "सर, छोटी डिझेल गाडी घेऊन भाड्याने दिली तर धंदा होईल का?" महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, तेव्हापासून हा विषय चर्चेत आहे. माझं मत आधीच सांगतो: सुरुवात छोट्या गाडीनेच करा, पण ग्राहक ठरवल्याशिवाय बुकिंगचा चेक फाडू नका.

छोटीचे फायदे

छोटी म्हणजे फोर्स ट्रॅव्हलरच्या 3050 किंवा 3350 व्हीलबेसवर बांधलेली गाडी. ताम्हिणीच्या वळणांवर किंवा गुहागर-वेळणेश्वरच्या गल्लीबोळांत मोठी गाडी अडकते, ही निघते. डिझेलला कमी आरपीएमवर चांगला टॉर्क मिळतो, त्यामुळे माणसं, सामान आणि पाणी भरून घाट चढताना इंजिनाची दमछाक होत नाही. शिवाय ट्रॅव्हलरचं काम जाणणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही भेटतो. गाडी आठ दिवस गॅरेजला उभी राहिली तर हप्ता थांबत नाही, म्हणून हा मुद्दा मला मायलेजपेक्षाही मोठा वाटतो.

आणि तोटे

पहिला तोटा, जागा. दोन मोठी आणि दोन लहान माणसं, बस्स. आपल्याकडची फॅमिली आजी-आजोबांसकट निघते, ती यात मावत नाही.

दुसरा, एसी. 12 व्होल्टची 200 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट वीज. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो, म्हणजे अडीच तासांत खेळ खल्लास. रात्रभर इंजिन चालू ठेवलं तर डिझेल जळतं आणि शेजारी ओरडतात. म्हणून मुक्कामाला प्लग पॉइंट देणारं कृषी पर्यटन केंद्र किंवा रिसॉर्ट आधीच ठरलेलं हवं.

तिसरा, पाणी. 100 लिटर म्हणजे 100 किलो वजन, आणि चार जणांच्या आंघोळीत ते संपतं. टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करायची, हेही ठरवावं लागतं.

चौथा, बीएस-6 डिझेलचा डीपीएफ. गाडी फक्त गावातल्या गावात फिरवली तर फिल्टर चोक होतो. तिला अधूनमधून हायवे लागतोच.

आता आकडे

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही भरा. समजा छोट्या गाडीवर 18 लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, 5 वर्षं. हप्ता सुमारे 39,000. ड्रायव्हर 20,000, विमा-टॅक्स-मेंटेनन्स मिळून 11,000. महिन्याला 70,000 ठरलेलेच. दिवसाचं भाडं 8,000 धरा. डिझेल, टोल, सफाई वजा जाता 5,500 उरतात. म्हणजे महिन्याला 13 दिवस गाडी बाहेर हवी.

मोठ्या गाडीचा महिन्याचा खर्च 1,10,000 आणि दिवसाला सुटणारे 8,000 धरले, तर 14 दिवस लागतात. फरक एकाच दिवसाचा! पण जुलैमध्ये चारच दिवस बुकिंग आलं तर? छोटीत खिशातून 48,000 जातात, मोठीत 78,000. नवीन माणसाला वाचवतो तो हा 30,000 चा फरक.

पुढची गोष्ट नीट वाचा. महिन्यात शनिवार-रविवार मिळून 8 ते 10 दिवस. सगळे भरले तरी 13 होत नाहीत. उरलेले दिवस सोमवार ते गुरुवारमधूनच काढावे लागतील: निवृत्त जोडपी, परदेशातून सुट्टीवर आलेले लोक, शूटिंगसाठी मेकअप रूम, लग्नात नवरीची तयारी. माझ्या दुकानात माल पडून राहिला तर तो पुढच्या महिन्यात विकता येतो. गाडीचा रिकामा दिवस मात्र कायमचा गेला.

कागदपत्रं

जुनी व्हॅन घेऊन आत बेड-किचन ठोकलं, असं चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मनाने बदल करता येत नाहीत. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे, त्यानुसार मान्यता असलेल्या बिल्डरकडूनच काम करून घ्या. पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी भाड्याने देऊ नका. आणि सेल्फ-ड्राइव्हचं स्वप्न सध्या बाजूला ठेवा: 1989 च्या रेंट-अ-कॅब स्कीममध्ये परवान्यासाठी किमान 50 गाड्यांची अट आहे. एका गाडीवाल्याने ड्रायव्हरसकटच धंदा करावा.

मग करायचं काय?

गाडी घेण्याआधी तीन महिने दुसऱ्याची कॅराव्हॅन कमिशनवर विका. दहा ट्रिपा विकून बघा. त्यातल्या किमान चार सोमवार ते गुरुवारच्या असतील आणि बहुतेक ग्राहक दोघं-चौघं असतील, तर छोटी डिझेल बिनधास्त घ्या. दहाही ट्रिपा वीकेंडच्या आणि आठ-आठ जणांच्या निघाल्या, तर तुमचे 18 लाख वाचले असं समजा.

वही काढा, तुमचे आकडे आजच मांडा. भेटू पुढच्या व्हिडिओत!