छोटी अवजारे, मोठे स्वावलंबन

जुलै २०२५ मध्ये गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना स्वतःचाच पत्रव्यवहार उघडता येईना. कारखाना भारताच्या भूमीवर, कायदा भारताचा. परंतु युरोपीय संघाने निर्बंध जाहीर करताच मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीने आपली सेवा थांबविली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. प्रकरण मिटले, प्रश्न मात्र मिटलेला नाही. ज्या अवजारावर आपला रोजचा व्यवहार चालतो, त्याची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हा तो प्रश्न होय.

त्याचे उत्तर शोधताना नजर सहसा मोठ्या गोष्टींकडे वळते. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. त्याचा अभिमान सार्थच आहे. परंतु त्याच १९९१ साली फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' जगापुढे ठेवले आणि त्याच वर्षी दत्तोपंत ठेंगडी यांनी स्वदेशी जागरण मंचाची स्थापना केली. या घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. पण आज त्यांचा एकत्र विचार करण्याची वेळ आली आहे.

लिनक्स ज्या युनिक्स परंपरेतून आले, ती १९६९ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. तिचे सूत्र साधे आहे. प्रत्येक अवजाराने एकच काम करावे, ते चोख करावे आणि आपले फलित पुढच्याच्या हाती द्यावे. लोणंदच्या कांदा बाजाराचे उदाहरण घ्यावे. दिवसभराच्या आवकेची नोंद एका साध्या फाइलमध्ये आहे. प्रत्येक ओळीत आडत्याचे नाव, क्विंटल आणि दर. 'ग्रेप' हवे ते नाव असलेल्या ओळी निवडतो, 'सॉर्ट' त्या दराप्रमाणे लावतो, 'ऑक' वजनाची बेरीज करतो. तिघांना 'पाइप'ने जोडले की एका ओळीच्या आज्ञेत हिशोब हाती येतो. त्यासाठी भारी संगणक नको, वार्षिक परवाना शुल्क नको, परदेशातील कोणाची अनुमतीही नको. या अवजारांचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या 'जीएनयू' प्रकल्पाने हे स्वातंत्र्य परवान्यातच बांधून ठेवले: वापरा, वाचा, बदला, वाटा, मात्र बदल करून वाटाल, तर तो मजकूरही खुला ठेवा.

ही रीत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. ज्या लोणंदला कांद्याचे लिलाव होतात, तेथेच आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी नीरा ओलांडून मुक्कामाला येते. रथापुढे आणि रथामागे चालणाऱ्या दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात; प्रत्येक दिंडी आपली व्यवस्था आपण पाहते आणि सोहळा एकसंध चालतो. समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावला की सर्व टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचेच टाळ वाजत राहतात आणि तिचे म्हणणे ऐकले जाते. युनिक्सच्या अवजारांचा शिष्टाचारही असाच आहे. काम नीट झाले तर ती मौन पाळतात, बिघाड असेल तेव्हाच बोलतात.

परंतु परंपरेशी नाते सांगितल्याने कर्तव्य संपत नाही. 'लोणंद' हे नाव या अवजारांना मोजायला सांगितले, तर एक मोजणी १५ बाइट सांगते, दुसरी ५ चिन्हे सांगते. मराठी माणूस मात्र तीन अक्षरे मोजतो: लो, णं, द. नुसत्या सांकेतिक क्रमांकांनी यादी लावली, तर 'काळे' हे आडनाव 'कासार'च्या आधी येते. कारण तेथे 'ळ'चे स्थान 'ल'शेजारी आहे. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. हा क्रम यंत्राला कोणीतरी सांगावा लागतो. मराठी जाणणाऱ्याने तो सांगितला नाही, तर दुसरा कोणी अंदाजाने ठरवील आणि मराठी घराघरांत तोच रूढ होईल. मुक्त प्रणालीत दुरुस्तीचे दार उघडे आहे. त्या दारातून आत जाणारे मराठी हात किती, हाच खरा प्रश्न आहे.

'फुकट मिळते ते घ्यावे' एवढाच अर्थ मुक्त प्रणालीचा घेतला, तर त्याची किंमत कधीतरी मोजावी लागते. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझी' या फायली आक्रसणाऱ्या छोट्या अवजारात कोणीतरी गुप्त चोरदार बसविल्याचे उघड झाले. हे अवजार लासे कोलिन नावाचा एक फिनिश गृहस्थ वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, विनामोबदला सांभाळत होता. तो थकलेला असताना मदतनिसाच्या वेषात आलेल्याने दोन वर्षांहून अधिक काळ खपून त्याचा विश्वास संपादन केला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना जेमतेम अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून जगभरातील असंख्य यंत्रे वाचली. मजकूर खुला होता म्हणून त्याला शोध घेता आला. परंतु सांभाळणारा एकटा पडला होता म्हणूनच घुसखोराचे फावले, हेही विसरता येत नाही.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. बंगळूरच्या झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी घोषित केला. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि केवळ धोरणाने आणि निधीने माणसे उभी राहत नाहीत; माणसे घडवावी लागतात, आणि ते समाजाचे काम आहे.

स्वदेशी म्हणजे परक्याचा द्वेष नव्हे. आपल्या गरजेची किल्ली आपल्या हाती असणे, आणि ज्या सामाईक भांडारातून घेतो त्यात भर घालणे, हे स्वदेशी होय. अमेरिकेत वा फिनलंडमध्ये जन्मलेले अवजार खुले असेल, तर ते शिकून, तपासून आपलेसे करता येते. बंद पेटीतले अवजार मात्र गावात तयार झाले, तरी त्याचा वापरणारा परावलंबीच राहतो.

महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणाला एवढे करणे अवघड नाही: एक छोटे अवजार निवडावे, त्याचा मजकूर वाचावा, मराठीत ते कोठे अडखळते हे पाहावे आणि दुरुस्ती पाठवावी. जुन्या फाँटमध्ये अडकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणे, सहकारी पतसंस्थेचे नमुने मराठीत करणे, ग्रंथालयाची यादी मराठी वर्णक्रमाने लावणे, ही कामे शे-दोनशे ओळींची आहेत. ती केल्याने कोणाचा सत्कार होणार नाही. नाव एखाद्या फाइलच्या तळाशी राहील, बहुधा तेही कोणी वाचणार नाही. प्रसिद्धीविना नित्य चालणाऱ्या कामाचे मोल ज्यांनी शाखेच्या मैदानावर जाणले आहे, त्यांना हे सांगावे लागू नये.