शाळा सोडू नका!

आभाळ काळंकुट्ट झालं, वारं सुटलं, की आपल्याकडे एकच शहाणपण सुचतं : शाळा सोडा, पोरांना घरी पाठवा! पालकांनाही ते पटतं. मला मात्र हे सरळ सरळ जबाबदारी झटकणं वाटतं.

विचार करा मंडळी. आमच्या मुळशीत वाड्यावस्त्यांवरची पोरं चालत शाळेत येतात. वाटेत ओढा, उघडी भातखाचरं, एकटंदुकटं झाड. म्हणजे वीज कडाडताना जिथे अजिबात असू नये, नेमकं तिथेच आपण त्यांना धाडतो! वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या इमारतीत जावं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, एवढा साधा नियम आहे. विजेची सूचना देणारं 'दामिनी' अ‍ॅप तर इथेच, पाषाणच्या आयआयटीएमने बनवलंय. किती गुरुजींच्या फोनवर आहे ते?

कुणी म्हणेल, "आणि शाळेचेच पत्रे उडाले तर?" रास्त प्रश्न. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि घाट चढून मुळशी-मावळातही छपरं उडवून गेलं. कोरोना आणि उन्हाळी सुट्टी, यामुळे वर्ग रिकामे होते. एखाद्या साध्या वर्षी हेच वादळ पंधरा-वीस दिवस उशिरा आलं असतं तर? तेव्हा आपल्याला नशिबाने वाचवलं, व्यवस्थेने नाही.

अमेरिकेत टोर्नेडोची कवायत मुलांना पाठ असते. तरीही २० मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या मूर इथे प्लाझा टॉवर्स शाळेत ७ मुलं गेली. कवायत होती, भक्कम खोली नव्हती. नंतर शाळा पुन्हा बांधली, ती अशा खोलीसकट.

आपलं मागणं त्याहून लहान आहे. प्रत्येक शाळेत सगळी पोरं मावतील अशी एक स्लॅबची खोली. दर मे महिन्यात पत्र्यांचे हुक आणि आवारातल्या वाळक्या फांद्यांची तपासणी. आणि एक ठरलेला नियम : वादळ ओसरेपर्यंत मूल दाराबाहेर जाणार नाही, आईबापांनीही न्यायला धावायचं नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ पासून आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. तेव्हा पुढच्या बैठकीत गॅदरिंगचा विषय निघायच्या आधी एवढंच विचारा : वादळात आमची पोरं कुठल्या खोलीत बसणार?