नाते हा पुरावा नव्हे

दिल्लीतील सरोजिनी नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत. केंद्राच्या नोकरीत शिरताना कारकुनापासून अधिकाऱ्यापर्यंत साऱ्यांना एक साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. आईवडील व पती वा पत्नी यांचे राष्ट्रीयत्व कोणते, मुले परदेशी राहतात काय, कुटुंब पाकिस्तानातून आले असल्यास तेथील पत्ता कोणता, असे प्रश्न त्यात असतात.

ज्यांचे नाव या वसाहतीला दिले, त्या सरोजिनी नायडूंच्या घरचे नातेगोते आजच्या तपासनिसाला कसे दिसले असते? बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय हे बर्लिनमध्ये राहून ब्रिटिश साम्राज्याविरुद्ध झुंजणारे क्रांतिकारक, पुढे कम्युनिस्ट. धाकट्या भगिनी सुहासिनी याही कम्युनिस्ट. अशा घरातील स्त्री १९४७ साली संयुक्त प्रांताची राज्यपाल झाली आणि देशाचे काहीही बिघडले नाही.

नातेवाइकांच्या आडून दडपण आणले जाऊ शकते, हे खरे. म्हणून राज्यसंस्थेने प्रश्न विचारावा. परंतु प्रश्नालाच निकाल मानू नये. मे २०२५ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाने जम्मूच्या एका जवानाला बडतर्फ केले. पाकिस्तानी स्त्रीशी झालेला विवाह त्याने लपवला आणि व्हिसाची मुदत संपल्यावरही तिला आश्रय दिला, हा आरोप. आपण विवाहापूर्वीच परवानगी मागितली होती, हे त्याचे म्हणणे. खरे कोणाचे, हे चौकशीतच ठरले असते. पण चौकशी आवश्यक नसलेल्या नियमाचा आधार घेऊन त्याची भाकरी काढून घेतली गेली.

या संशयालाही वर्ग आहे आणि धर्मही आहे. ज्याचा भाऊ न्यू जर्सीत स्थायिक झाला, त्याची प्रतिष्ठा वाढते. रत्नागिरीच्या ज्या मुसलमान तरुणाची आत्या फाळणीनंतर कराचीत राहिली, त्याच्याकडे मात्र खुलासा मागितला जातो. सीमा नेत्यांनी आखल्या. त्यांचा हिशेब गरिबाच्या पोराने का द्यावा?

राष्ट्रीय सुरक्षा हा शब्द उच्चारताच नैसर्गिक न्याय गुंडाळून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ‘मीडिया वन’ वाहिनीच्या खटल्यात बजावले. तेथेही गृहमंत्रालयाने सुरक्षा मंजुरी नाकारली होती आणि कारणे सीलबंद लिफाफ्यात ठेवली होती. मॅकार्थीच्या अमेरिकेतही १९९५ च्या अध्यक्षीय आदेशाने मंजुरी नाकारलेल्या कर्मचाऱ्याला लेखी कारणे व फेरविचार मागण्याचा हक्क दिला. आपल्या कर्मचाऱ्याला तेवढाही नसावा काय?

येथे आपणही आपल्या इतिहासापासून तोंड फिरवू नये. वीरेंद्रनाथांचा बळी साम्राज्यशाहीने घेतला नाही. १९३७ साली लेनिनग्राडमधील धरपकडीत त्यांना अटक झाली आणि गोळ्या घातल्या गेल्या. बंद दाराआडचा संशय कोणत्याही झेंड्याखाली निरपराधाचाच घास घेतो, हा धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत.

म्हणून कर्मचारी संघटनांनी तीन मागण्या नेटाने लावून धराव्यात : नाकारण्याची कारणे लेखी मिळावीत, कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकले जावे, आणि निर्णय त्याच्या वर्तनावर व्हावा, रक्ताच्या वा लग्नाच्या नात्यावर नव्हे.