हाली, कलदार आणि बट्टा

निजामाच्या शंभर रुपयांच्या नोटेचे एक छायाचित्र गेली काही वर्षे मराठवाड्यातील भ्रमणध्वनींवरून फिरत असते. सप्टेंबरात मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की त्याला विशेष भरती येते. नोट देखणी आहे हे मान्य केलेच पाहिजे. तिच्यावर उर्दूच्या जोडीला मराठी, तेलुगू, कानडी आणि इंग्रजी अक्षरे आहेत. एक पंथ ती दाखवून सांगतो की, आमचे हैदराबाद किती सार्वभौम आणि किती सर्वसमावेशक होते पाहा. नकाशावर भिंग लावून शोधाव्या लागणाऱ्या बेटांनाही स्वतःचे चलन असते, मग ब्याऐंशी हजार चौरस मैलांच्या आणि १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे एक कोटी साठ लाखांहून अधिक वस्तीच्या संस्थानाला ते का नसावे? दुसरा पंथ तीच नोट गुलामीचा पुरावा म्हणून नाचवितो आणि तिच्या निमित्ताने आजच्या शेजाऱ्याकडे बोट दाखवितो. दोन्ही पंथांना एक साधा प्रश्न मात्र सुचत नाही. हे चलन ज्याच्या घामावर चालत होते त्या कुळाला आणि मजुराला ते मोडताना काय सोसावे लागत होते?

(शंभराची नोट कुळाच्या हाती कधी पडत नव्हती, हे वेगळे सांगावयास नको. त्याच्या वाट्याला आले ते आणे आणि पै.)

हा प्रश्न वारंगा फाट्यावर उभे राहून विचारावा, असे मला वाटते. नांदेड, हिंगोली आणि हदगाव या तीन दिशांचे रस्ते येथे मिळतात. आज येथे खिचडीसाठी मोटारी थांबतात आणि हळदीच्या पोत्यांचे ट्रक रांग धरतात. हदगावच्या रस्त्याने पुढे जाऊन पैनगंगा ओलांडली की उमरखेड लागते. एकाच भाषेची, एकाच काळ्या मातीची आणि एकाच कापसाची ही दोन तीरे. पण अलीकडे हाली चालत असे व पलीकडे कलदार. गंमत अशी की, पलीकडचा वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच होता. १९०२ च्या करारान्वये तो इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला गेला. १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवीही मिळाली. सार्वभौमत्व पदवीत होते, नाण्यात नव्हते! नदी ओलांडताच मालकाचे स्वतःचे नाणे परके ठरत होते.

हाली म्हणजे ‘चालू’. १८५७ नंतर मोगल बादशहाचे नाव काढून निजामाच्या नावाने जो रुपया पाडला गेला त्याचे हे नाव. त्यापूर्वी संस्थानात अनेक टांकसाळींचे रुपये चालत आणि प्रत्येकाचा भाव निराळा असे. ती बजबजपुरी पहिल्या सालारजंगांनी मोडली, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर पाडलेला चारमिनारचा रुपया आला. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा १९१८ मध्ये कागदी चलनाचा कायदा झाला आणि लंडनच्या वॉटरलो आणि सन्स या छापखान्यातून नोटा छापून आल्या.

१९१८ हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे ते पहिले मोठे विद्यापीठ, म्हणून त्याचा गौरव होतो आणि तो अस्थानी नाही. परंतु ती देशी भाषा उर्दू होती; संस्थानातील बहुसंख्यांच्या मराठी, तेलुगू वा कानडीला तेथे शिक्षणाचे माध्यम होता आले नाही. म्हणजे ज्या साली माझी भाषा सरकारच्या नोटेवर चढली त्याच साली ती सरकारच्या विद्यापीठाच्या दाराबाहेर उभी होती. नोटेवर लिपी छापण्यास खर्च येत नाही. ज्यांना नोटेवरील पाच भाषा पाहून गहिवरून येते त्यांनी या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात.

आता हिशेबाकडे वळू, कारण खरी गोष्ट हिशेबातच आहे. सरकारी भाव असा: शंभर कलदार रुपयांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, म्हणजे सहा कलदारांस सात हाली. सहाची रक्कम असेल तर गणित सरळ सुटते. पण ज्याने उमरखेडच्या बाजारात पाच कलदारांचा कापूस विकला त्याने काय करावे? एका कलदारास एक रुपया दोन आणे आठ पै हाली. एवढे तरी मोजता येते. उलट बाजूने एक हाली रुपया मोडावयास जा: तेरा आणे आठ पै आणि वर पैचे चार सप्तमांश! पैचे सात तुकडे करणारी टांकसाळ जगात कोठे नाही. तो तुकडा कोणाच्या पेटीत राहत होता हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याच्यापाशी तराजू, खाते आणि मोड होती त्याच्या पेटीत.

आणि हा झाला केवळ सरकारी भाव. हैदराबादेतील पेढीला आणि मोठ्या व्यापाऱ्याला तो मिळत असेल. गावच्या सराफापुढे दहा रुपये घेऊन बसलेल्या माणसाला तो मिळावा म्हणून कोणते खाते जागे होते? माल वऱ्हाडात विकला तर दाम कलदारात. सारा भरावयाचा तो हालीत, आणि तोही पटवारी सांगेल त्या मुदतीत. मुदतीच्या दिवसांत हालीला मागणी चढते, सराफ बट्टा वाढवितो, आणि कुळाला थांबण्याची सोय नसते, कारण थांबला तर जप्ती येते. सावकार तोच, सराफ तोच, पुष्कळदा कापसाचा खरेदीदारही तोच. कर्ज देताना एक नाणे, वसूल करताना दुसरे, आणि मधला बट्टा व्याजाच्या वर. १९३७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाने निजामाचे चित्र मुखपृष्ठावर छापून त्यास जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हटले. ती श्रीमंती कोठून आली याचा शोध घेणाऱ्याने गोवळकोंड्याच्या हिऱ्यांबरोबर या पै-पैकडेही पाहावे.

मग छोट्या बेटांचा दाखला देणाऱ्यांचे काय? त्यांना एका खऱ्या बेटाकडे घेऊन जाऊ, आणि तेही मराठी माणसाच्या ओळखीच्या. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गिरमिटिये म्हणून अनेक मराठी कुटुंबे मॉरिशसला गेली. त्यांची वंशावळ आजही तेथे नांदते आहे. हिंदी मजुरांमुळे त्या बेटावर रुपया इतका रुजला की १८७६ मध्ये इंग्रज सरकारला तेथे रुपयाच अधिकृत चलन करावे लागले. अभिमानाने ऊर भरून यावा असे हे वाक्य आहे. पण थोडे पुढे वाचावे. त्या मजुराचा करार महिना पाच रुपयांचा असे, आणि तो एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्या कपातीला ‘डबल कट’ असे नावच पडले होते. नाणे त्याच्या देशाचे होते, कात्री मळेवाल्याची होती. पुढे १९६८ मध्ये बेट स्वतंत्र झाले. १९९८ मध्ये तेथे नव्या नोटांवर हिंदीला तमिळच्या आधी स्थान दिले गेले, तमिळ समाजात संतापाची लाट उसळली आणि सरकारला त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. अस्मितेची जखम खोटी नसते, हे मी जाणतो. तरीही त्या अक्षरांच्या क्रमासाठी जेवढा संताप झाला तेवढा उसाच्या मळ्यातील मजुरीसाठी का होत नाही, हा प्रश्न मॉरिशसप्रमाणे मराठवाड्यालाही विचारला पाहिजे.

चलन हे राज्यकर्त्यांचे हत्यार असते ही गोष्ट निजामाला चांगली ठाऊक होती. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी ‘जैसे थे’ करार झाला, आणि लवकरच संस्थानात भारतीय रुपया कायदेशीर चलन नाही असा वटहुकूम निघाला. सोन्याचांदीच्या निर्यातीवर बंदी आली. पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे रोखे कर्जाऊ दिले गेले. सीमेवरच्या माणसाच्या गाठीचा कलदार रातोरात गुन्हा ठरला. मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांनाही हत्याराची ही जात कळली होती. पैनगंगेपलीकडच्या छावण्यांत जमलेल्या तरुणांपैकी काहींनी ३० जानेवारी १९४८ रोजी, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, उमरीची बँक लुटली. त्या लाखांच्या रकमेचा हिशेब चोख ठेवला गेला, असे मराठवाडा अभिमानाने सांगतो. त्याच्या शेजारी दुसरा एक हिशेब ठेवा. सप्टेंबर १९४८ मध्ये, राज्य हातचे जात असताना, निजाम सरकारचे सुमारे दहा लाख पौंड लंडनमधील पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या खात्यावर पाठविले गेले. ते सत्तर वर्षे बँकेत अडकून राहिले व वाढत वाढत साडेतीन कोटी पौंडांवर गेले. भारत सरकार, पाकिस्तान आणि निजामाचे वारस असे तीन पक्ष त्यावर हक्क सांगत होते. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयाने पाकिस्तानचा दावा फेटाळला. तीन पक्षांचे नामांकित वकील होते. ज्या रयतेच्या साऱ्यातून ते पौंड जमले तिचे नाव कोणत्याही कागदावर वादी म्हणून नव्हते, आणि ते तेथे नाही याचे नवलही कोणाला वाटले नाही.

राज्य गेले, बट्टा गेला नाही. १९५० पासून भारतीय रुपया आणि हाली शेजारी शेजारी चालू लागले. हाली पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने बाद झाला. कचेऱ्यांतील वह्यांत ओ. एस. आणि आय. जी. असे दोन रकाने पडले. भाव तोच, सहास सात. पगारदाराचा पगार त्या प्रमाणात आकड्याने उतरला. पण हाटेलातील एक आण्याचा चहा एक आण्याचाच राहिला तर तो सहाव्या हिश्श्याने महागला, एवढे गणित कोणालाही कळते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा आण्याचे सव्वासहा पैसे झाले. तो पाव पैसा कोठे गेला, हे विचारू नये.

हा सारा इतिहास उगाळण्याचे कारण इतिहास नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या. चलनातील मूल्याचा शहाऐंशी टक्के भाग एका भाषणात कागद झाला. सोयाबीन-कापूस विकण्याचे आणि रब्बी पेरण्याचे ते दिवस होते. १४ नोव्हेंबर रोजी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास बंदी झाली. हिंगोली जिल्ह्याचा कारभार पाहणारी परभणीची बँक त्यांतच आली. शेतकऱ्याचे खाते जेथे, नेमके तेच दार बंद! ज्यांच्यापाशी काळा पैसा होता त्यांचा कागद बुडेल असे सांगितले गेले. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या अहवालाने दाखविले की ९९.३ टक्के नोटा परत आल्या. बुडाला तो रांगेत उभ्या राहिलेल्याचा दिवस. निजामाचा वटहुकूम आणि हा निर्णय एकाच जातीचे आहेत असे मी म्हणत नाही; एक अनियंत्रित राजाचा होता, दुसरा निवडून आलेल्या सरकारचा, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी तो वैधही ठरविला. परंतु नदीकाठच्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर दोहोंत फरक कोणता, हे मला कोणी समजावून सांगावे.

आता सांगितले जाते की भ्रमणध्वनीवरून पैसे जाऊ लागले, मोड उरली नाही, म्हणून बट्टाही उरणार नाही. वाऽ! हळदीच्या हंगामात फाट्यावर येऊन पाहा. माल काट्यावर चढतो, भाव पुकारला जातो, आणि काही आडत्यांकडे प्रश्न विचारला जातो: पैसे खात्यावर, काही दिवसांनी, की रोख, आत्ता? रोख हवे तर शेकड्यामागे कपात सोसा. ज्याला मजुरांची मजुरी त्याच दिवशी चुकती करावयाची आहे आणि कृषी सेवा केंद्राची उधारी ज्याच्या दाराशी उभी आहे, तो कपात सोसतो. पट्टीवर तिचे नाव काही निराळे लिहिलेले असते, पुष्कळदा काहीच लिहिलेले नसते. आज नाणे एकच आहे, रुपया एकच आहे, आणि तरी आजचा रुपया व पंधरा दिवसांनंतरचा रुपया यांच्यामध्ये पैनगंगा वाहते आहे. दरम्यान अनेक बाजारांत दहा रुपयांचे नाणे दुकानदार घेत नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये चौदाही नमुने वैध असल्याचे जाहीर केले, पण भाजीवालीच्या पदरात बांधलेली ती नाणी बदलून देण्यास बँकेच्या खिडकीवर कोणाला वेळ आहे?

आपल्या कार्यकर्त्यांनी गेल्या सप्टेंबरात निजामाच्या नोटेवरील वादात पुष्कळ शाई आणि थोडी डोकी खर्ची घातली, असे मी ऐकतो. तो वेळ दुसरीकडे लागावा. बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा आहे. विकलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी चुकते झाले पाहिजेत, ही त्याच्या नियमांतील अट जुनीच आहे. ती पाळली जाते की नाही हे पाहण्यास आंदोलनाची परवानगी लागत नाही. येत्या हंगामात वारंगा, कळमनुरी, वसमत आणि हिंगोली येथील काट्यांवर प्रत्येकी दोन माणसे वहीसह बसवावीत. शेतकऱ्याच्या संमतीने त्याची पट्टी उतरून घ्यावी: वजन, पुकारलेला भाव, हाती पडलेली रक्कम, रोख की खात्यावर, आणि मधली कपात. महिनाभराच्या पट्ट्या जमल्या की त्या तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या टेबलावर ठेवाव्यात, आणि त्यांची एक प्रत या पानाकडे पाठवावी. आम्ही ती नावागावाशिवाय, पण आकड्यांनिशी, छापू.